कोई पहाटेच का मरतात?

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. नाशिकला गंगापूर रोडच्या बाजूला बंगल्यामागे १२ बाय ८ फुटांचं, ४ फूट खोल तळं आहे. त्यात १४ कोई, म्हणजे जपानी रंगीत कार्प मासे, बहुतेक दीड फुटाच्या आसपासचे. पाच वर्षं सगळं सुरळीत होतं. मेच्या शेवटच्या आठवड्यात लागोपाठ दोन सकाळी मासे मेलेले सापडले, आधी लाल-पांढरा कोहाकू आणि दुसऱ्या दिवशी सोनेरी ओगोन. दोघंही तळ्यातले सगळ्यात मोठे. लहानांना काही झालेलं नाही. किटवर अमोनिया शून्य, पाणी हिरवं. धबधब्याचा पंप टायमरवर आहे, रात्री ११ ते सकाळी ६ बंद, कारण शेजाऱ्यांना आवाज येतो आणि बिलही वाचतं. दुकानदाराने इन्फेक्शन सांगून निळं औषध आणि ऑक्सिजनच्या गोळ्या दिल्या आहेत. औषध टाकू का, कोणता एअर पंप घेऊ, कमळं काढू का, आणि वीज गेली तर काय करायचं, असे चार प्रश्न, आणि शेवटच्या ओळीत कोहाकूच्या जागी नवा मासा आणू का, हा पाचवा.

औषध टाकू नका, आणि आज रात्रीपासून टायमर काढा. एवढं केलंत की बाकीचं निवांत वाचा.

रोग असा वागत नाही. रोगट मासा आधी दोन-चार दिवस कोपऱ्यात उभा राहतो, खाणं सोडतो, भिंतीला अंग घासतो, अंगावर काहीतरी दिसतं. पाण्यात विषारी काही पडलं तर बहुधा लहान मासे आधी जातात. पण आदल्या संध्याकाळी हातातून दाणे ओढून खाणारा, तळ्यातला सगळ्यात थोराड मासा सकाळी पोट वर करून दिसतो, तेव्हा मी सगळ्यात आधी ऑक्सिजन तपासतो. मेलेल्या माशांचं तोंड आ वासलेलं होतं का, कल्ल्यांवरची झाकणं फाकलेली होती का, आठवून पाहा. मोठ्या माशाला एकूण ऑक्सिजन जास्त लागतो. लहान मासा पाण्याच्या अगदी वरच्या पातळ थरात तोंड घालून वेळ मारून नेतो, कारण हवेला चिकटलेल्या त्या थरात थोडा तरी ऑक्सिजन असतो. थोराड कोहाकूचं तेवढ्यावर भागत नाही.

आपण हवेत राहतो म्हणून पाणी किती गरीब असतं याची कल्पना येत नाही. एक लिटर हवेत साधारण २७० ते २८० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. एक लिटर पाण्यात, तेही चांगल्या पाण्यात, सात-आठ मिलिग्रॅम. आणि पाणी तापलं की तेही कमी होतं. समुद्रसपाटीला १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे ११.३ मिलिग्रॅम मावतो, २० अंशांना ९.१, ३० अंशांना फक्त ७.६. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास, तिथे हवेचा दाब कमी, म्हणून आणखी सहा-सात टक्के वजा. म्हणजे मेमध्ये तुमचं तळं ऑक्सिजनने काठोकाठ भरलेलं असलं तरी त्यात लिटरमागे ७ मिलिग्रॅमच्या वर टिकून राहणार नाही. (महाबळेश्वरला माझं एक तळं आहे, तिथे उंचीमुळे पंधरा टक्क्यांच्या आसपास घट येते. पण पाणीच इतकं गार की तिथल्या माशांनी मला कधी झोपेतून उठवलेलं नाही.)

दुसऱ्या बाजूला मासा थंड रक्ताचा. पाणी दहा अंशांनी तापलं की त्याची ऑक्सिजनची गरज साधारण दुप्पट होते. हा प्राणी जपानच्या निगाता भागातल्या डोंगराळ गावांमध्ये घडला, जिथे हिवाळ्यात माणसाच्या उंचीपेक्षा जास्त बर्फ पडतं. आपण त्याला नाशिकच्या मेमध्ये चार फूट पाण्यात ठेवतो. तो जगतो, कारण कार्पची जात चिवट आहे. पण उन्हाळ्यात त्याच्या आणि संकटाच्या मध्ये फार अंतर उरलेलं नसतं.

आता तुमच्या तळ्याचा हिशोब मांडू. १२ गुणिले ८ गुणिले ४ म्हणजे ३८४ घनफूट. एका घनफुटात २८.३ लिटर, म्हणजे पावणेअकरा हजार लिटरच्या थोडं वर. लिटरमागे ७ मिलिग्रॅम धरले तर अख्ख्या तळ्यात ऑक्सिजन किती? सुमारे ७५ ग्रॅम. मूठभर शेंगदाण्यांच्या वजनाएवढा. १४ माशांचं वजन सरासरी दीड किलो धरू, म्हणजे २१ किलो. या तापमानाला, पोट भरलेलं असताना, एक किलो मासा तासाला पाव ग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन घेतो. म्हणजे मासे तासाला पाच ग्रॅम. हिरवं पाणी, म्हणजे त्यातलं सूक्ष्म शेवाळ, रात्री चार ग्रॅम सहज खातं. तळाचा गाळ एक-दोन ग्रॅम. बेरीज दहा-अकरा. पंप बंद असताना शांत पाण्याच्या पृष्ठभागावरून आत येणारा ऑक्सिजन तासाला फार तर एक-दोन ग्रॅम.

रात्री ११ ला ७५ ग्रॅम, दर तासाला नऊ-दहा ग्रॅमचा खड्डा. पहाटे पाचला काय उरलं ते तुम्हीच काढा. आकडे अंदाजाचे आहेत, दहा-वीस टक्के इकडेतिकडे होतील, पण तुमचा कोहाकू कोणत्या वेळी गेला हे सांगायला एवढे पुरेत. आणि टायमरने वाचवलं काय? धबधब्याचा पंप ७० वॅटचा धरला तर सात तासांत अर्धा युनिट.

हिरव्या पाण्यामुळे लोक फसतात, तुम्हीही फसलात. शेवाळ दिवसा ऊन खाऊन ऑक्सिजन सोडतं, इतका की दुपारी चारला पाण्यात मावतो त्याहून जास्त असतो. तळं ताजंतवानं दिसतं, मासे उड्या मारतात. सूर्य मावळला की तेच शेवाळ ऑक्सिजन बनवायचं थांबवतं, पण माशांसारखं श्वास घेणं चालूच ठेवतं. म्हणून सगळ्यात वाईट वेळ सूर्योदयाच्या जरा आधीची.

मुळशीकडच्या एका फार्महाऊसवर मालक मला सारखं सांगायचे, "अहो, मीटरवर बारा दाखवतंय, ऑक्सिजनचं नाव काढू नका." मासे मात्र महिन्याला एक याप्रमाणे जात होते. शेवटी मी तिथे मुक्काम केला. संध्याकाळी पाचला मीटर १२.४ दाखवत होतं, मालकांनी विजयी चेहऱ्याने माझ्याकडे पाहिलं. पहाटे पाच-वीसला टॉर्च घेऊन गेलो. तळं अगदी शांत, पाण्यावर एक तरंग नाही. टॉर्च फिरवला तर काठाला नळाच्या बाजूला अकरा तोंडं पाण्याबाहेर, सगळी एकाच लयीत उघडतायत, मिटतायत. जवळ गेल्यावर हलका पुच-पुच आवाज. एरवी माणसाची चाहूल लागली की हे मासे खायला धावतात, त्या दिवशी एकही हलला नाही. मीटर १.८ वर होतं. मालकांना उठवून आणलं, त्यांनी लुंगीतच गुडघ्यावर बसून पाहिलं आणि काही बोलले नाहीत. त्याच दिवशी एअर पंप आला.

तेव्हा मोजायचं तर पहाटे मोजा. मीटर महाग वाटला तर डिझॉल्व्ह्ड ऑक्सिजनचं थेंबांचं किट मिळतं, कोळंबीवाले तेच वापरतात. पाण्याचा नमुना घेताना बाटली पाण्याखालीच भरून झाकण लावायचं, वरून ओतलंत तर हवा मिसळून आकडा खोटा येतो. पहाटेचा आकडा लिटरमागे ६ मिलिग्रॅमच्या वर असेल तर उत्तम. ५ असेल तर चालेल, पण खाणं कमी करा. ४ च्या खाली मासे ताणात असतात, दिसत नसलं तरी. २ ला तोंडं वर येतात. किटसुद्धा नको असेल तर आठवडाभर गजर लावून साडेपाचला टॉर्च घेऊन जा, कोई स्वतःच सांगतील.

आता एअर पंप. यात सगळ्यात मोठा गैरसमज असा की बुडबुडे पाण्यात ऑक्सिजन "भरतात". चार फुटांवरून सुटलेला बुडबुडा चार-पाच सेकंदांत वर येऊन फुटतो, तेवढ्या वेळात तो देऊन देऊन काय देणार? त्यातल्या ऑक्सिजनपैकी दोन-तीन टक्केच पाण्यात उतरतो असं धरा. बाकीचं काम वेगळं आहे. बुडबुड्यांचा खांब तळाचं पाणी उचलून वर आणतो आणि पृष्ठभाग ढवळत ठेवतो. पाण्यात ऑक्सिजन आपोआप पसरायला फार वेळ घेतो, हवेपेक्षा दहा हजार पट हळू. वरचा थर कितीही तृप्त असला तरी तळाच्या माशाला त्याचा उपयोग नाही. पाणी वरखाली फिरलं पाहिजे. एअर पंप मुख्यतः पाणी फिरवायचं यंत्र आहे, असं डोक्यात ठेवलंत की तो कुठे ठेवायचा आणि किती मोठा घ्यायचा याचे अर्धे प्रश्न सुटतात.

तुमच्यासाठी मिनिटाला १०० लिटर हवा देणारा डायफ्रॅमचा, म्हणजे रबरी पडदा हलवून हवा ढकलणारा, पंप घ्या. ६० चा घेऊ का, असं विचाराल, म्हणून हिशोब पुन्हा. १०० लिटरचा पंप तासाला सहा हजार लिटर हवा ढकलतो, त्यात दीड किलोच्या आसपास ऑक्सिजन. त्याचे अडीच टक्के म्हणजे ३५-४० ग्रॅम, पण हे पाणी ऑक्सिजनने पूर्ण रिकामं असताना. पाणी जसं भरत जातं तसा ते कमी घेतं. सत्तर टक्के भरलेलं असताना दहा-अकरा ग्रॅमच उतरतो, आणि तुमच्या तळ्याची रात्रीची गरज तेवढीच आहे. म्हणजे तळं ५ मिलिग्रॅमच्या आसपास स्थिरावेल. ६० चा घेतलात तर ते साडेतीनवर अडकेल. वर धबधबा रात्रभर चालू ठेवलात की ६ गाठता येईल. खोक्यावर लिहिलेले लिटर उथळ पाण्यातले असतात, चार फुटांच्या दाबाखाली ते कमी होतात, तेव्हा मोठ्याकडेच झुका. असा पंप ८० ते १०० वॅट खातो. १०० धरले तर चोवीस तास चालवून महिन्याला ७२ युनिट.

पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा. हे सांगावं लागू नये, पण लागतं. खाली ठेवलेला पंप वीज गेली की नळीतून उलटं पाणी ओढतो आणि वीज आली की जळतो. वर ठेवायला जागाच नसेल तर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह घाला, अर्थात बोअरच्या क्षाराने तोही कधीतरी अडकतोच. पंप सावलीत, हवेशीर ठेवा. लोक आवाज कमी व्हावा म्हणून लाकडी पेटीत कोंडतात, तिथे तो तापतो आणि डायफ्रॅम वर्षाच्या आत फाटतो. आवाजासाठी पंपाखाली जाड रबराचा तुकडा घाला, दुचाकीच्या जुन्या ट्यूबच्या चार घड्याही चालतात. पंप भिंतीला टेकू देऊ नका. निम्मा आवाज भिंत थरथरल्याने येतो. डायफ्रॅमचा एक जोड घरात आणून ठेवा. तो फाटतो तो शनिवारी रात्री, आणि दुकान रविवारी बंद असतं.

एअर स्टोन, म्हणजे नळीच्या टोकाला लावायचे बुडबुडे काढणारे सच्छिद्र दगड, दोन घ्या, किंवा तेच काम करणारा एक मोठा गोल डिफ्युझर. कोपऱ्यात नको, साधारण मध्ये, म्हणजे वर आलेलं पाणी चारी बाजूंना पसरून कडांनी खाली उतरतं. गाळावर ठेवू नका, विटेवर ठेवा, नाहीतर गाळ उसळत राहतो. तीन-चार महिन्यांनी बुडबुडे एकाच बाजूने मोठे येऊ लागले की दगड क्षाराने बुजला समजा. रात्रभर व्हिनेगर नाहीतर लिंबूसत्त्वाच्या पाण्यात बुडवून ठेवा, स्वच्छ धुऊन परत लावा. दगड बुजलेला असला की पंपावर उलटा दाब येतो, आणि डायफ्रॅम अकाली जाण्याचं हेही एक कारण आहे.

धबधब्याबद्दल दोन शब्द. पाणी जाड धारेने एका जागी पडलं तर आवाज मोठा आणि काम कमी. तेच पाणी रुंद दगडावरून पातळ चादरीसारखं घसरवलं तर काम जास्त आणि शेजारीही खूश. एक सपाट शहाबादी तिरकी बसवा, बास. फिल्टरमधून परत येणारा पाइप पाण्याखाली सोडला असेल तर तो पृष्ठभागाच्या वर काढा. फिल्टरमधले जिवाणूही ऑक्सिजनवर जगतात. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पचवायला त्यांना साडेचार ग्रॅमहून जास्त ऑक्सिजन लागतो. म्हणून फिल्टरमधून बाहेर येणारं पाणी आत गेलेल्या पाण्यापेक्षा ऑक्सिजनने गरीब असतं, त्याला तळ्यात पडण्याआधी हवा लागलीच पाहिजे.

कमळं काढू नका. तळ्याचा तिसरा हिस्सा पानांनी झाकला तर उन्हाळ्यात पाणी थोडं गार राहतं आणि शेवाळाला ऊन कमी मिळतं. त्याहून जास्त झाली की छाटा. जलपर्णी असेल तर मात्र सगळी काढा. ती महिन्यात अख्खं तळं झाकते, मग पाण्याला हवा लागत नाही, आणि कुजलेली मुळं गाळात भर घालतात. तळ्यावर ५० टक्क्यांची ग्रीन नेट मार्च ते जून ताणलीत तर हिरवेपणाही कमी होईल. नंतर शेवाळ मारणारा यूव्ही दिवा लावायचा विचार असेल तर जरूर लावा, फक्त एवढं लक्षात असू द्या की पहिला आठवडाभर शेवाळ मरून कुजतं, आणि कुजणं म्हणजे ऑक्सिजनचा खर्च. त्या आठवड्यात एअर पंप आधीपासून चालू हवा. शेवाळ मारायची औषधं, मोरचूद वगैरे, यांच्या वाटेला जाऊ नका. एका दिवसात सगळं हिरवं मेलं की त्या रात्री मासे मरतात.

औषधांचं निघालंच आहे तर माझी एक चूक सांगतो. बरीच वर्षं झाली. जुलै महिना, चार दिवस ऊन नाही, एका तळ्यातल्या माशांच्या अंगावर परजीवी दिसले म्हणून मी सकाळी पोटॅशियम परमँगनेट टाकलं. मात्रा बरोबर होती. पण परमँगनेट पाण्यातल्या घाणीबरोबर शेवाळही जाळतं, आणि शेवाळाने चार दिवस ढगात काही कमावलेलं नव्हतं. दुपारपर्यंत पाणी चहासारखं तपकिरी झालं आणि मासे वर आले. एअर स्टोन होता तो एकच, तोही अर्धा बुजलेला. सहा मासे गेले, त्यात मालकाच्या मुलीने नाव ठेवलेला एक शोवा, म्हणजे काळा-लाल-पांढरा कोई, होता. तेव्हापासून कुठलंही औषध टाकण्याआधी मी दुसरा पंप गाडीतून उतरवतो. फॉर्मॅलिनही पाण्यातला ऑक्सिजन खातं. तुमच्या निळ्या औषधाने फिल्टरमधले जिवाणू मरायची भीती, आणि ज्या रोगासाठी ते दिलंय तो रोग तुमच्याकडे नाहीच.

ऑक्सिजनच्या गोळ्या फेकू नका, पण रोज टाकूही नका. त्यात बहुधा सोडियम परकार्बोनेट असतं, ते विरघळताना ऑक्सिजन सोडतं आणि पाण्याचा पीएचही चढवतं. संकटात तास-दोन तास निभावून न्यायला ठीक, त्यापलीकडे उपयोग नाही.

आता पावसाळा तोंडावर आहे, म्हणून हे नीट वाचा. लोकांना वाटतं पाऊस आला, सुटलो. पहिला वळीव रात्री कोसळतो तेव्हा थंड पाणी वरून पडतं. थंड पाणी जड, ते खाली जातं आणि तळाचं कोमट, ऑक्सिजन संपलेलं पाणी गाळासकट वर येतं. ज्या तळ्यात पाणी सतत फिरतं तिथे असे थर बनतच नाहीत, पण तुमचं तळं रात्रभर स्थिर असायचं. अंगणातली लाल माती वाहून तळ्यात येणार असेल तर कडेला वीतभर उंच बांध घाला. पुढे आषाढ-श्रावणात सलग ढग असले की हिरवं पाणी दिवसाही ऑक्सिजन देत नाही आणि रात्री खायचं मात्र सोडत नाही. असे तीन दिवस झाले की चौथ्या दिवशी मी खाणं बंद करतो. कोई आठवडाभर न खाता आरामात राहतात, उपाशी मासा ऑक्सिजनही कमी वापरतो. उन्हाळ्यातही खाणं सकाळी नऊ-दहाला घाला, संध्याकाळी नको. खाल्ल्यावर काही तास त्यांची ऑक्सिजनची गरज वाढते, ती वाढ रात्रीच्या वाट्याला येऊ देऊ नका.

वीज गेली तर. आमच्याकडे पुण्यात गुरुवार ठरलेला असतो, तुमच्याकडे जो वार असेल तो. दिवसाची दोन-चार तास गेली तर फार बिघडत नाही, रात्रीची गेली तर बिघडतं. घराला इन्व्हर्टर असेल तर एअर पंपाची एक लाइन त्यावर घ्या. १५० एएचच्या बॅटरीवर फक्त १०० वॅटचा पंप टाकला तर आठ-नऊ तास सहज निघतात, पंखे-टीव्ही त्यावर नसले तर. धबधब्याचा पंप इन्व्हर्टरवर घालू नका, संकटात कमी विजेत जास्त काम एअर पंपच करतो. शिवाय बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप हजार-दोन हजारांत मिळतो, तो एक कपाटात असू द्या. निगातात यामाकोशी नावाचं गाव कोईचं माहेरघर मानलं जातं. २००४ च्या ऑक्टोबरात तिथे भूकंप झाला, रस्ते तुटले, वीज गेली, आणि पिढ्यान्‌पिढ्या मासे पाळणाऱ्यांचेही कोई मोठ्या संख्येने मेले. उरलेले हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले. तिथे ही वेळ येते, मग आपल्या इन्व्हर्टरची बॅटरी तीन वर्षं जुनी असेल तर ती एकदा तपासून घ्या.

वीज परत आली की लगेच फिल्टरचा पंप चालू करू नका, हे फार कमी लोक सांगतात. पाच-सहा तास फिल्टर बंद राहिला की आतल्या पाण्यातला ऑक्सिजन जिवाणू संपवून टाकतात आणि ते सडू लागतं. झाकण उघडून वास घ्या. कुजक्या अंड्याचा वास आला तर ते पाणी झाडांना सोडा, फिल्टर तळ्याच्याच पाण्याने एकदा धुवा, मग पंप चालू करा. तसाच चालू केलात तर ते सगळं माशांच्या तोंडावर जातं, आणि लोक म्हणतात वीज आल्यावर मासे कसे मेले.

पहाटे तोंडं वर दिसली आणि हाताशी काहीच नसलं, तर बादली घ्या. तळ्याचंच पाणी उचला आणि छातीच्या उंचीवरून परत तळ्यात ओता, अर्धा तास. हसू येईल, पण मी यावर मासे वाचवले आहेत. नळाचं पाणी सोडायचं तर पाइपाला शॉवर लावून वरून, आणि महापालिकेचं असेल तर आधी क्लोरीन मारणारे हायपोचे खडे घालून, कारण क्लोरीन कल्ले जाळतो. बोअरचं पाणी पाइपाने थेट तळाशी सोडणं ही मोठी चूक, कारण जमिनीतून आलेल्या पाण्यात ऑक्सिजन जवळपास नसतो. तेही फवाऱ्यानेच. घाबरून अर्धं पाणी बदलू नका, आणि त्या दिवशी दाणा टाकू नका.

गाळ एका दिवसात उपसू नका. थोडा थोडा, ऊन वर आल्यावर, हवा चालू ठेवून, महिनाभरात काढा. काळा गाळ ढवळला की त्यातले वायू सुटतात आणि तो पाण्यातला ऑक्सिजन झपाट्याने ओढतो.

कोहाकूच्या जागी नवा मासा आणायचं शेवटच्या ओळीत विचारलं आहे. आत्ता नको. एअर पंप लागला, गाळ निघाला की पहाटेचे आकडे महिनाभर वहीत लिहा. पावसाळ्यातल्या ढगाळ आठवड्यांतही ते ५ च्या खाली गेले नाहीत, तर दिवाळीनंतर पाणी गार झाल्यावर एक आणा. दोन नको. आहेत ते बाराही मासे अजून वाढणारच आहेत.